भिंतीतलं फाटक बंद करायचं का?

पत्र

ताई,

आम्ही एका वीस मजली इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहतो. मागच्या भिंतीला लागूनच मोठी वस्ती आहे. पत्र्याची छपरं, एका वेळी एकच माणूस जाईल असे बोळ. भिंतीत एक लहानसं लोखंडी फाटक आहे. घरकामाला येणाऱ्या बायका, गाड्या धुणारी मुलं, रात्रपाळीचे वॉचमन सगळे तिथूनच ये-जा करतात. गेल्या दोन महिन्यांत इमारतीतल्या तीन सायकली चोरीला गेल्या. कोणी नेल्या ते कळलं नाही, पण कमिटीने ठराव आणलाय की फाटक विटा रचून कायमचं बंद करायचं, भिंत आणखी चार फूट चढवायची आणि वर तार लावायची. येत्या रविवारी सभा आहे.

माझा मुलगा नऊ वर्षांचा. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचा मुलगाही त्याच्याच वयाचा. सुट्टीत तो आईबरोबर यायचा, तेव्हापासून दोघांची गट्टी जमली. मागच्या मोकळ्या जागेत तासन्‌तास खेळतात. आता काही पालकांनी तक्रार केली आहे की बाहेरची मुलं आत येतात, आपल्या मुलांना वाईट सवयी लागतील. माझे मिस्टर म्हणतात, या भानगडीत पडू नकोस, आपण सरळ दुसऱ्या भागात घर बघू. आणि मुलगा परवा खिडकीतून खाली बघत मला विचारतो, "आई, ते रोज सकाळी पाण्यासाठी रांग का लावतात? त्यांना नळ का नाही दिला?" मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगते, हल्ली मी त्या खिडकीचा पडदा लावूनच ठेवते. लाज वाटते, पण तिचं काय करायचं ते कळत नाही. सभेत बोलू का? काय बोलू? आणि मुलाची ही मैत्री वाढू द्यावी का?

चौदाव्या मजल्यावरची आई

उत्तर

सभेत बोला, आणि फाटक बंद करायच्या विरोधात मत द्या. हे आधीच सांगून टाकते, कारण रविवार तोंडावर आला आहे. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

बोलण्याआधी मात्र एक काम करा. उद्या किंवा परवा सकाळी, बाई ज्या वेळेला तुमच्याकडे येतात त्या वेळेला, मागच्या फाटकातून बाहेर पडा आणि फाटक बंद झाल्यावर त्यांना जो वळसा पडणार आहे तो स्वतः चालून बघा. वस्तीतून मुख्य रस्ता, तिथून चौक, चौकातून वळून तुमच्या इमारतीचं पुढचं गेट. हातात एक भरलेली पिशवी घ्या आणि घड्याळात बघून चाला. समजा पंधरा मिनिटं लागली. बाई सकाळी येतात, दुपारी घरी जातात, संध्याकाळी पुन्हा येतात, रात्री परततात. चार फेऱ्या, म्हणजे दिवसाला एक तास. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर सव्वीस तास. हा वेळ त्यांना पगारात कोणी धरून देणार नाही. तो त्यांच्या झोपेतून जाईल, नाहीतर त्या मुलाच्या वाट्याच्या आईतून. सभेत तुम्ही माणुसकीवर बोललात तर लोक मान डोलावतील आणि मत भिंतीला देतील. चालून काढलेला हा हिशेब मांडलात, तर निदान काही जणांना थांबून विचार करावा लागेल.

आणि त्यांना हेही सांगा की भिंत एका सभेत उभी राहते, पण पाडायला पिढी जाते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या उत्तर भागात, कटस्लोला, १९३४ मध्ये एका घरबांधणी कंपनीने दोन भिंती घातल्या. अलीकडे विकायची खासगी घरं, पलीकडे नगरपालिकेने बांधलेली भाड्याची घरं. रस्ते सरळ एकमेकांना जोडलेले होते, त्यांच्या मधोमध या भिंती आडव्या घातल्या. उंची दोन मीटरच्या वर आणि माथ्यावर लोखंडी अणकुच्या. पलीकडच्या बायका-मुलांना मुख्य रस्ता गाठायलाही वळसा पडू लागला. १९३८ मध्ये नगरपालिकेने भिंती पाडल्या, तर कंपनीने कायद्याच्या जोरावर त्या पुन्हा उभ्या केल्या. शेवटी भिंतीखालची जमीनच नगरपालिकेने विकत घेतली आणि १९५९ मध्ये त्या कायमच्या गेल्या. पंचवीस वर्षं. भिंत उभी राहिली त्या वर्षी जन्मलेली मुलगी ती पडेपर्यंत स्वतः आई झालेली असू शकते, म्हणजे तुमच्या मुलाचं अख्खं बालपण एकदा नव्हे, दोनदा त्यात मावतं. तिथे एकाच सरळ रस्त्याची भिंतीच्या दोन बाजूंना दोन वेगळी नावं होती, इतकं ते तुटलेपण खोल गेलं होतं.

पेरूची राजधानी लिमा इथे डोंगरमाथ्यावरून जाणारी अशीच एक भिंत वाढत वाढत सुमारे दहा किलोमीटर लांब झाली. एका उतारावर पोहण्याचे तलाव असलेले बंगले, दुसऱ्या उतारावर नळही न पोचलेली घरं. लोकांनी तिला नाव दिलं 'लाजेची भिंत'. तुम्ही पत्रात जो शब्द वापरलात तोच. २०२२ च्या अखेरीस तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती पाडायचा आदेश दिला. माणसांना जाण्या-येण्यापासून असं अडवता येत नाही, हे ऐकायला तिथल्या लोकांना देशाच्या सर्वांत वरच्या न्यायाधीशांपर्यंत जावं लागलं. तुमच्याकडे अजून वीट पडलेली नाही. हे तुमच्या हातातलं फार मोठं बळ आहे, ते वाया घालवू नका.

आता सायकली. त्या गेल्या हे खरं आहे आणि त्याचा संताप येणंही रास्त आहे. ज्यांच्या मुलांच्या सायकली गेल्या त्यांना सभेत तुच्छतेने उत्तर देऊ नका, तुम्हाला त्यांचीही मतं हवी आहेत. फाटकाजवळ चांगला दिवा मागा, रात्री ठरलेल्या वेळेनंतर कुलूप मागा, सायकलींसाठी साखळी लावता येईल असा कठडा आणि तो पुढच्या बाजूला, सगळ्यांच्या नजरेत असावा अशी मागणी करा. पोलिसात रीतसर तक्रार झाली आहे का, तेही विचारा. आणि हे ठासून सांगा की पहाटेपासून रात्रीपर्यंत ज्या वाटेने ओळखीची माणसं जातात-येतात त्या वाटेवर अनोळखी माणूस लगेच डोळ्यांत भरतो. फाटक बुजवलंत की तुमच्या इमारतीची मागची बाजू आंधळी होईल. तिथे काय चाललंय ते ना तुम्हाला दिसेल, ना वस्तीला.

एक सूचना सभेत हमखास येईल: कामाला येणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासा. तिला तिथल्या तिथे विरोध करा. चोर सापडलेला नसताना जिचं नाव आपल्याला ठाऊक आहे तिच्यावर संशय घेणं सोपं जातं, बाकी त्याला काही आधार नाही. हा संशय जुना आहे. लंडनमध्ये चार्ल्स बूथ या जहाजव्यवसायातल्या गृहस्थांनी १८८६ पासून गल्लीगल्लीत माणसं पाठवून गरिबीची पाहणी केली आणि शहराचा नकाशाच रंगवला. सर्वांत श्रीमंत घरं पिवळ्या रंगात, सर्वांत गरीब काळ्या. अनेक ठिकाणी हे रंग एकमेकांना खेटून आहेत, पुढच्या रस्त्यावर सुखवस्तू घरं आणि मागच्या बोळात गरिबीचा निळा-काळा पट्टा. एवढी मेहनत घेणाऱ्या माणसानेही काळ्या रंगाच्या खुलाशात काय लिहिलं? 'सर्वांत खालचा वर्ग, दुराचारी, अर्धगुन्हेगार'. आणि पाहणी हाती आली तेव्हा त्यांच्याच आकड्यांनी दाखवलं की ३०.७ टक्के लंडन गरिबीत आहे आणि त्यामागचं मोठं कारण आहे अपुरी आणि बेभरवशाची मजुरी. व्यसन हे कारण त्या मानाने फारच थोड्या घरांत होतं. माणसाच्या पत्त्यावरून त्याची नियत ठरवायची सवय इतकी मुरलेली असते की ज्याने स्वतः मोजलं त्याच्याही हातून ती सुटली नाही. तुमच्या सभेतली माणसं वाईट नाहीत. त्यांनी फक्त मोजलेलं नाही.

सभेचं एवढं पुरे. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त आत भिडलं ते मुलांचं.

वाईट सवयी लागतील ही जी भीती आहे, तिच्याबद्दल एक नीट केलेला अभ्यास सांगते. दिल्लीतल्या महागड्या खासगी शाळांना काही जागा गरीब घरांतल्या मुलांसाठी ठेवणं बंधनकारक झालं, तेव्हा अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी श्रीमंत मुलांवर त्याचा काय परिणाम होतो ते तपासलं. २०१९ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुलं जास्त उदार, वाटून घेणारी निघाली. त्यांना रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला सांगितलं तेव्हा दुसऱ्याची घरची स्थिती बघून त्याला डावलण्याचं त्यांच्यातलं प्रमाण कमी दिसलं. अभ्यासातल्या गुणांवर मिळून किरकोळच परिणाम दिसला. आणि हे सगळं नुसतं एका वर्गात बसून झालं नाही, प्रत्यक्ष एकत्र वावरल्याने झालं. सभेत ज्या पालकांनी तक्रार केली आहे त्यांना हे जरूर सांगा. ते आपल्या मुलांच्या भल्याचाच विचार करत आहेत, मग हे भलंही त्यांच्यासमोर यायला हवं.

दुसऱ्या बाजूचंही बघा. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ७ कोटी २० लाख लोकांच्या फेसबुकवरच्या मैत्रीचं जाळं अभ्यासलं. गरीब घरात वाढलेलं मूल पुढे वर येईल की नाही, याच्याशी सर्वांत घट्ट जोडलेली गोष्ट निघाली ती म्हणजे त्याच्या भागात गरीब आणि सुखवस्तू माणसांची एकमेकांत किती मैत्री आहे. सुखवस्तू मुलांना जेवढी मिळते तेवढी अशी मैत्री ज्या भागात मिळते तिथे गरीब मूल वाढलं, तर त्याची मोठेपणीची कमाई सरासरी २० टक्क्यांनी जास्त असेल, असा त्यांचा अंदाज आहे. पण याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ही मैत्री कमी का? निम्मं कारण हे की दोन्हीकडची माणसं एका जागी येतच नाहीत. उरलेलं निम्मं हे की एका जागी आली तरी आपापल्यातच राहतात. तुमच्या इमारतीत आणि वस्तीत एका भिंतीचं अंतर आहे, रोज शेकडो माणसं ते ओलांडतात, आणि तरी मला वाटतं त्यातली खरीखुरी मैत्री दोनच माणसांची असावी. ती दोघं नऊ वर्षांची आहेत.

म्हणून वाढू द्या. फक्त एका गोष्टीला फार जपा.

मी लहानपणी पत्र्याच्या बाजूला राहिले आहे. आमच्या खोल्यांच्या रांगेपुढे रस्ता होता आणि रस्त्यापलीकडे बंगले. त्यातल्या एका बंगल्यातली मुलगी माझ्या वर्गात होती. तिच्या घराच्या मागच्या पायऱ्यांवर बसून आम्ही रोज चित्रं काढायचो. तिच्या वाढदिवसाला सगळ्या मैत्रिणी जमलेल्या असताना तिच्या आईने मला पुढे बोलावलं आणि एक पिशवी दिली. आत तिचा आदल्या वर्षीचा फ्रॉक होता, धुऊन इस्त्री केलेला. तुटलेलं एक बटण नवं लावलेलं होतं, बाकीच्यांपेक्षा जरा गडद. त्या बाईंचा हेतू चांगलाच होता, मला आजही यात शंका नाही. फ्रॉक सुंदर होता आणि मी तो दोन वर्षं घातला. पण त्याच महिन्यात एकदा चित्र काढताना तिने माझी निळी पेन्सिल मुद्दाम मोडली. आधी मोडली असती तर मी तिची वेणी ओढली असती. त्या दिवशी मी गप्प बसले, कारण अंगावर तिचा फ्रॉक होता. त्यानंतर मी तिच्याशी कधी भांडले नाही. वर्षभरात आमचं बोलणंही संपलं आणि ते का संपलं हे तिला कधी कळलं नसेल.

तेव्हा तुमच्या मुलाचे जुने कपडे, जुनी खेळणी त्या मुलाच्या हातात, आणि तुमच्या मुलासमोर तर नकोतच. बाईंना काही द्यायचं असेल तर ते मोठ्यांनी मोठ्यांत बघावं आणि सगळ्यात आधी ते त्यांच्या हक्काचं असावं. मुलांची देवाणघेवाण मुलांना करू द्या. एकाने बॉल आणावा, दुसऱ्याने पतंगासारखं काही करून दाखवावं, एखाद्या दिवशी तुमचा मुलगा त्याच्याकडून काहीतरी शिकून यावा. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं की दोन गटांतली माणसं नुसती भेटली म्हणून मनातले ग्रह जात नाहीत. भेट बरोबरीच्या नात्याने व्हायला हवी, दोघांना मिळून करायचं काहीतरी समान हवं, आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा भेटीगाठींनी पूर्वग्रह कमी होतात हे दिसलं आणि या अटी असतील तिथे ते जास्त कमी होतात हेही. तुमच्या घरात वरचे म्हणजे तुम्ही आणि तुमचे मिस्टर.

बरोबरी छोट्या गोष्टींत असते. तुमचा मुलगा बाईंना काय हाक मारतो? बहुधा मावशी म्हणत असेल. आणि त्यांचा मुलगा तुम्हाला? आई म्हणते म्हणून तोही मॅडम म्हणत असेल, तर त्याला काकू म्हणायला सांगा. तो घरात आला की कुठे बसतो? तुमच्या मुलाचे बाकीचे मित्र जिथे बसतात तिथेच बसतो, की दाराजवळ उभा राहतो? हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं, त्याने बघून शिकलेलं असतं, आणि ते तुम्हालाच मोडावं लागेल.

आणि हे सगळ्यात नाजूक. या मैत्रीत दोघांची जोखीम सारखी नाही. उद्या दोघांनी मिळून कोणाची काच फोडली तर तुमच्या मुलाला ओरडा बसेल. त्या मुलाच्या आईची चार घरची कामं जातील. त्या मुलाला हे नवव्या वर्षीच माहीत असतं, तुमच्या मुलाला नसतं. म्हणून आधी बाईंशी बोला. काम चालू असताना नाही, ते संपल्यावर, खुर्चीवर बसवून. त्यांना ही मैत्री हवी आहे का ते विचारा. त्यांनी 'नको' म्हटलं किंवा नुसत्याच गप्प राहिल्या तर राग मानू नका, त्यांच्या घाबरण्याला कारणं आहेत. मुलांचं काही बिनसलं तर त्याचा तुमच्या कामाशी संबंध येणार नाही, असा शब्द द्या. आणि बाकीच्या घरांत कोणी काही बोललं तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन, असाही. देणार असाल तरच म्हणा.

फाटकाचंही त्यांना विचारा. तुम्ही त्यांच्या वतीने बोलायला निघाला आहात, पण तिथून ये-जा करणाऱ्यांना काय हवंय हे त्यांच्याकडून ऐकलेलं बरं. कदाचित त्या म्हणतील, रात्रीचं कुलूप आम्हालाही हवंय, दारू पिऊन येणारे आमच्याही पोरींना त्रास देतात. नियमांत बसत असेल तर त्यांच्यातल्या एक-दोघींना सभेत येऊन बोलू द्या, अशी मागणी करा.

मुलाच्या प्रश्नाला टाळू नका. नऊ वर्षांच्या मुलाला खरं उत्तर पेलतं. त्याला सांगा की पाण्याची पाइप जमिनीच्या कागदांमागे जाते. ज्यांच्या नावावर जागेचा कागद आहे त्यांच्या दारात नळ येतो, नाही त्यांच्या दारात बहुतेक ठिकाणी येत नाही. तिथली माणसं कामासाठी शहरात आली, पण कामाच्या जवळ परवडेल असं घर कोणी बांधलं नाही. मग जी जागा कोणालाच नको होती, नाल्याकाठची, उताराची, रुळांजवळची, तिथे त्यांनी स्वतः घर उभं केलं. नळ नसला की पाणी विकत घ्यावं लागतं, आणि जगातल्या कितीतरी शहरांत असं घेतलेलं पाणी नळाच्या पाण्याच्या कित्येक पट महाग पडतं. हे शेवटचं वाक्य त्याला नक्की सांगा. गरिबांना सगळं फुकट हवं असतं असं तो लवकरच कुठेतरी ऐकणार आहे. जगात शंभर कोटींहून जास्त माणसं अशा वस्त्यांत राहतात, तेव्हा हा प्रश्न त्याला पुढेही भेटत राहील. 'का नाही दिला' असं त्याने विचारलं, यातलं 'दिला' किती बरोबर आहे बघा. नळ कोणीतरी द्यायचा असतो आणि दिलेला नाही, हे त्याला मोठ्या माणसांच्या आधी कळलंय. वस्तीत पाणी यावं म्हणून निवेदन निघालं, तर भिंतीच्या तुमच्या बाजूच्याही सह्या त्यावर असाव्यात. मागणाऱ्यांत शेजारची इमारत आहे हे दिसलं की अर्जाकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं जातं. हे चुकीचं आहे, पण तोवर त्याचा उपयोग करून घ्या.

तुमच्या लाजेचं म्हणाल तर ती खिडकीशी उभं राहून कमी होणार नाही आणि पडदा लावूनही नाही. ब्राझीलमधल्या साओ पाउलोचं एक छायाचित्र आहे, टुका व्हिएरा या छायाचित्रकाराने २००४ मध्ये वरून टिपलेलं. डावीकडे पाराइझोपोलिस या वस्तीतली दाटीवाटीची घरं, उजवीकडे प्रत्येक गॅलरीत पोहण्याचा तलाव असलेला उंच मनोरा, मध्ये फक्त एक भिंत. ते जगभर गेलं, शाळेच्या पुस्तकांत गेलं. बघणाऱ्याला वाटतं, केवढी ही दोन वेगळी जगं! मला ते बघून नेहमी त्या चित्राबाहेर राहिलेलं आठवतं, की रोज सकाळी डावीकडची माणसं उजवीकडे जातात, फरशी पुसतात, मुलं सांभाळतात, आणि त्यांच्याशिवाय तो मनोरा एक दिवस चालत नाही. ही जगं वेगळी नाहीतच. एकाच हिशेबाची दोन पानं आहेत, आणि एका पानावर सतत कमी मांडलं जातंय. तुमच्या घरात तो हिशेब तुमच्या हातात आहे. बाई आजारी पडल्या तर पगार कापता का? ठरलेली सुट्टी आहे का? दरवर्षी पगार वाढतो का, की त्यांनी मागितल्यावरच? या तीन प्रश्नांची उत्तरं नीट झाली की तुम्हाला खिडकीत उभं राहणं सोपं जाईल.

दुसऱ्या भागात घर बघण्याबद्दल थोडंच लिहिते. तुमच्या मिस्टरांच्या मनात द्वेष आहे असं मला मुळीच वाटत नाही, त्यांना शांतता हवी आहे. पण थॉमस शेलिंग या अर्थतज्ज्ञांनी १९७१ मध्ये चौकटींच्या पटावर दाखवून दिलं होतं की शेजारी थोडेफार आपल्यासारखे असावेत, एवढीच सौम्य इच्छा प्रत्येकाला असली आणि त्यापायी जो तो जागा बदलत गेला, तरी शेवटी सगळा पट दोन तुकड्यांत विभागला जातो. कोणाच्याही मनात ते नसताना. घर बदलायची दुसरी कारणं असतील तर जरूर बदला. या कारणासाठी गेलात तर मुलाला काय सांगणार, ते निघण्याआधी ठरवून ठेवा, कारण तो विचारेल.

त्या दोघांचं कधीतरी कडाक्याचं भांडण होईल. अबोला धरतील, एकमेकांची तोंडं बघणार नाहीत. तेव्हा मध्ये पडू नका, आणि तुमच्या मुलाला 'तो गरीब आहे, तू समजून घे' असं अजिबात सांगू नका. भांडू द्या.

बाईंशी शनिवारच्या आत बोलून घ्या. आणि वळसा चालून बघायला जाल तेव्हा मुलाला बरोबर न्या.